सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर

दर दिवाळीला आपल्या शाळेच्या ग्रुपवर एक चित्र हमखास येते. साडी नेसलेली एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. उजेड तिच्या बोटांतून लालसर झिरपतो, चेहऱ्यावर पसरतो आणि मागच्या भिंतीवर तिची सावली पडते. खाली शुभेच्छांबरोबर चित्रकाराचे नाव लिहिलेले असते: राजा रविवर्मा.

रविवर्मा १९०६ साली वारले आणि हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी रंगवले गेले. ते रंगवणाऱ्याचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर आणि हळदणकर आपल्या सावंतवाडीचे. वाडीचा माणूस वाडीच्याच मुलांच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या नावाने फिरतो, हे मला खटकते. दुरुस्तीची ओळ टाकली की तिच्याखाली दहा नमस्कार येतात आणि पुढच्या वर्षी चित्र पुन्हा त्याच नावाने हजर होते. स्मरणिका निदान कपाटात राहते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आणि सविस्तर लिहायचे तर केवळ त्या एका चित्राबद्दल लिहून भागणार नाही. हळदणकरांनी आयुष्यभर जे आणखी एक मोठे काम केले, त्यावर कुणाची सही नसते. १९०८ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी मुंबईत चित्रकलेचा वर्ग काढला. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा कागदावर आणि कॅनव्हासवर कसा उतरवायचा, हे ज्ञान या वर्गातून आणि अशा इतर वर्गांतून एका पिढीकडून दुसरीकडे गेले. चित्रावरचे नाव बदलले तरी चित्र टिकते. हाताचे कसब मात्र शिकवणारा उठून गेला की त्याच्याबरोबर जाते. हळदणकरांना हे फार लवकर कळले होते, असे त्यांचे आयुष्य पाहिल्यावर वाटते.

त्यांचा जन्म १८८२ सालचा, सावंतवाडीचा. त्या वेळी वाडी म्हणजे भोसल्यांचे संस्थान. लाकडाला लाखेचे रंग चढवणारे, गंजिफा रंगवणारे चितारी गावात होतेच. रंग ही वस्तू इथल्या मुलांना नवलाची नव्हती. सावळारामचा हात चांगला आहे, हे प्रथम त्यांच्या शाळेच्या हेडमास्तरांनी, नाडकर्णी मास्तरांनी हेरले आणि त्याला उत्तेजन दिले. पुढे खुद्द राजेसाहेबांचे लक्ष गेले. १९०३ साली संस्थानने त्यांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठवले.

आज रात्री झोपून सकाळी मुंबईला उतरणाऱ्या आपल्याला तो प्रवास नीट कळणार नाही. कोकण रेल्वे यायला अजून नव्वदेक वर्षे होती. वाडीहून वेंगुर्ल्याला जायचे आणि तिथून आगबोटीने मुंबई गाठायची. विशीतला मुलगा चित्रे काढायला शिकण्यासाठी इतक्या लांब जातो आणि त्याचा खर्च संस्थान उचलते, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. ज्याच्या घरात चितारीचा धंदा चालत आला आहे, त्याने रंगात हात घालणे वेगळे. साहेबाच्या शाळेत जाऊन चित्रकार होणे, हा व्यवसाय आहे हेच अजून पुष्कळांना पटायचे होते.

जे. जे. स्कूलची स्थापना १८५७ची. तिथली शिकवण्याची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर आखलेली होती. हळदणकर तिथे होते तेव्हा सेसिल बर्न्स प्राचार्य होते, आणि शिकवणाऱ्यांत दोन मोठी माणसे होती. एक महादेव विश्वनाथ धुरंधर, मूळचे कोल्हापूरचे. १८९० साली ते या शाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ साली तिथूनच निवृत्त झाले. त्या काळाच्या आठवणी त्यांनी कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. दुसरे अँतोनियो झेवियर त्रिंदाद, गोव्याचे. तैलरंगातील व्यक्तिचित्रांवर त्यांची अशी हुकमत होती की लोक त्यांना पूर्वेचे रेम्ब्रँट म्हणत. पणजीला गेलात तर फुंदासांव ओरिएंतमध्ये त्रिंदादांची चित्रे आवर्जून पाहा. आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहेत.

धुरंधरांची रेघ आणि त्रिंदादांचा रंग, या दोहोंच्या हाताखाली हळदणकर तयार झाले. हे सांगण्याचे कारण असे, की त्यांनी पुढे जे शिकवले ते त्यांनी नव्याने शोधून काढलेले नव्हते. युरोपातल्या चित्रशाळांत शेकडो वर्षे गुरूकडून शिष्याकडे आलेली पद्धत बोटीत बसून मुंबईला आली होती. इथल्या माणसांनी ती आत्मसात केली. इथले सावळे चेहरे, इथली पागोटी आणि नऊवारी, इथला प्रखर उजेड यांना ती लागू केली आणि पुढच्यांना दिली. हळदणकर त्या साखळीतली एक कडी. पण कडी व्हायलाही कुणीतरी तयार असावे लागते.

शिक्षण झालेल्या तरुण व्यक्तिचित्रकाराला तेव्हा कामाची ददात नव्हती. संस्थानिक, पारशी शेठ, गिरणीमालक, न्यायाधीश, देणगीदार अशा सर्वांना आपले तैलचित्र हवे असे. टाउन हॉल, कॉलेजे, दवाखाने यांच्या भिंती तैलचित्रांनी भरत होत्या. अशा दिवसांत हळदणकरांनी स्वतःची चित्रे रंगवता रंगवता वर्गही काढला. हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट हे त्याचे नाव. जे. जे.च्या दगडी इमारतीबाहेर मुंबईत चित्रकला शिकण्याच्या ज्या मोजक्या जागा होत्या, त्यांतली ही एक. पुढे केतकरांचा वर्ग, दंडवतीमठांचे नूतन कलामंदिर अशा संस्थाही नावारूपाला आल्या. कोकणातून, देशावरून, कर्नाटकातून मुंबईला आलेल्या कितीतरी मुलांना चित्रकलेचे पहिले पद्धतशीर शिक्षण अशा खाजगी वर्गांत मिळाले. आपण सगळ्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, ते मोजून घेतलेले कागद आणि पाण्याचे डबे. आपल्याला शिकवणाऱ्या ड्रॉइंगच्या सरांना कुणीतरी शिकवले होते, त्यांना आणखी कुणीतरी. ती रेघ मागे मागे नेत गेलो तर अशाच वर्गांपर्यंत पोचते.

अशा वर्गात नेमके काय शिकवतात? मी चित्रकार नाही, पण गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी व्यक्तिचित्रणाच्या एका वर्गात जाऊन बसते. तिथल्या अनुभवावरून आणि जुन्या मंडळींनी समजावून दिले त्यावरून सांगते.

सुरुवात प्लास्टरच्या पुतळ्यापासून होते. पांढराशुभ्र मुखवटा किंवा अर्धपुतळा, त्यावर एका बाजूने उजेड. पुतळा हलत नाही, दमत नाही आणि त्याला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे शिकणाऱ्याला आकार आणि छायाप्रकाश एवढ्याच दोन गोष्टींशी झुंजायचे असते. तो हातात बसला की मग जिवंत माणूस. खिडकी शक्यतो उत्तरेची, कारण तिथून थेट ऊन आत येत नाही आणि चेहऱ्यावरच्या सावल्या तासातासाला जागा बदलत नाहीत. मॉडेल म्हणून एखादे आजोबा सर्वांत चांगले. म्हाताऱ्या चेहऱ्यात हाडे दिसतात, खाचखळगे दिसतात. तरुण, गुळगुळीत चेहरा काढणे त्याहून कठीण.

मग मापे. हात ताठ करून पेन्सिल डोळ्यांसमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि कपाळाची उंची नाकाच्या किती पट आहे ते पाहायचे. ओळंबा सोडून डोळ्याच्या कोपऱ्याखाली ओठाचा कोपरा कुठे येतो ते तपासायचे. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, हे ऐकून माहीत असते, तरी प्रत्येक नवशिका ते वर काढतो, कारण आपले सगळे लक्ष चेहऱ्यावर असते आणि केसांखालच्या कवटीला आपण जागाच देत नाही. त्यानंतर डोळे बारीक करून पाहायला सांगतात. तसे केले की पापण्या, सुरकुत्या, मिशीचे केस सगळे पुसट होते आणि उजेडाचा एक मोठा आकार व सावलीचा एक मोठा आकार एवढेच उरते. हे दोन आकार चुकले तर पुढे पापणीचा एकेक केस काढला तरी माणूस ओळखू येत नाही. ते बरोबर बसले तर नाकडोळे काढण्याआधीच कोण बसले आहे ते कळते.

रंगाचेही तसेच. त्वचेचा रंग म्हणून कुठली ट्यूब नसते. एकाच चेहऱ्यात कपाळाकडे पिवळसरपणा असतो, गाल, नाक, कान या पट्ट्यात तांबूसपणा आणि हनुवटी-जबड्याकडे थंड, राखाडी छटा. आपल्याकडच्या सावळ्या वर्णात तर हिरवा आणि जांभळाही दडलेला असतो. पुस्तकात हे वाचता येते, पण वाचून दिसत नाही. शिक्षक मागे येऊन उभे राहतात, कागदाच्या कोपऱ्यात दोन फटकारे मारून दाखवतात आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे जातात. त्यानंतर पंधरा मिनिटांनी तो रंग आपल्याला समोरच्या माणसाच्या गालावर दिसायला लागतो. एवढ्या एका गोष्टीसाठी शिक्षक आणि शिष्य एका खोलीत असावे लागतात.

हळदणकर तैलरंगात काम करत, पण त्यांचे नाव सर्वांत मोठे झाले ते जलरंगात. यातली गोम सांगायला हवी. तैलरंगात चूक झाली तर खरवडता येते, वर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. नाकाच्या शेंड्यावरचा उजेडाचा ठिपका हवा असेल तर तो सुरुवातीपासून मोकळा सोडावा लागतो. आधी फिकट, मग गडद असे जायचे. कागद पाटावर ताणून घ्यायचा, पाट किंचित कलता ठेवायचा, रंगाचा वॉश वरून खाली ओढत न्यायचा आणि त्याचा ओला काठ वाळण्याच्या आत पुढचा फटकारा मारायचा. ब्रशमध्ये पाणी किती, कागद ओला किती, हवेत दमटपणा किती, हा सगळा हिशोब हातात असावा लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात जो वॉश वाळायला अर्धा तास लावतो, तो एप्रिलमध्ये पाहता पाहता वाळतो. त्यामुळे जलरंगात निसर्गचित्रे पुष्कळ जण करत. झाड जरा इकडेतिकडे झाले तर कुणाची तक्रार नसते. माणसाचा चेहरा मात्र जरा इकडेतिकडे झाला की तो दुसऱ्याच कुणाचा होतो. हळदणकरांनी जलरंगात माणसे रंगवली, आणि तीही तैलरंगाचा भरीवपणा आणून.

त्यांच्या कामाला मान मिळाला. चित्र लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात लागले. १९२५ साली एका मुस्लिम यात्रेकरूच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पण पदके घेऊन ते गप्प बसले नाहीत. बॉम्बे आर्ट सोसायटी ही १८८८ सालची संस्था. तिच्या कारभारावर युरोपियनांचा वरचष्मा होता. आपल्या चित्रकारांची स्वतःची, आपल्याच लोकांनी चालवलेली संस्था असावी, म्हणून १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. ती उभारणाऱ्यांत आगासकर, परांडेकर, पानवलकर यांच्याबरोबर हळदणकर होते. ही संस्था आजही आहे. म्हणजे पाहा, शिकायला वर्ग आणि शिकलेले लोकांसमोर मांडायला प्रदर्शन, या दोन्ही टोकांना त्यांनी हात लावला. नुसते चांगले चित्र काढणाऱ्याला या उठाठेवीची गरज नव्हती.

मग काळ बदलला. फोटोग्राफी स्वस्त झाली तसे घराघरातले चित्रकाराचे काम कमी झाले. संस्थाने विलीन झाली, तैलचित्रे करून घेणारे दरबार गेले. आणि कलेच्या जगातही वारे फिरले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. जे. जे.च्या शिस्तीतल्या हुबेहूब चित्रणावर त्यांचा राग होता, आणि त्यांनी जे केले त्याने भारतीय चित्रकला पुढे गेली, हेही खरेच. पण त्या वादळात, चेहरा जसा दिसतो तसा काढणे म्हणजे जुनाट, विचार नसलेले काम, असा एक समज पसरला. तो आजही पुरता गेलेला नाही.

त्या काळात हळदणकर साठी ओलांडून गेले होते. नव्या धाटणीची चित्रे काढून आपण मागे नाही हे दाखवण्याच्या भरीला ते पडले नाहीत. आपल्याला जे येते ते नीट येते, आणि ते शिकायला अजून मुले येतात, एवढे त्यांना पुरेसे होते. त्यांचे चिरंजीव गजानन हळदणकरही चित्रकार झाले. बाजारात किंमत उतरलेली विद्या शिकवत राहणे कसे असते, याचा विचार आपल्या शाळेतल्या काही शिक्षकांनी नक्की केला असेल. संस्कृतच्या बाईंनी केला असेल. चित्रकलेच्या सरांनी तर दर वर्षी केला असेल, कारण दहावीचा भाग मागे पडला की पहिला तास जायचा तो त्यांचा.

आता त्या दिव्याकडे. इंग्रजीत ते चित्र ग्लो ऑफ होप या नावाने ओळखले जाते. मॉडेल म्हणून उभी होती त्यांची स्वतःची मुलगी गीता. पुढे त्या कोल्हापूरला उपळेकरांच्या घरी गेल्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२व्या वर्षी वारल्या. चित्र जलरंगात आहे. ते म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यातल्या श्री जयचामराजेंद्र कलादालनात आहे, आणि त्याच दालनात रविवर्म्याची अनेक चित्रे असल्यामुळे नावांचा घोळ झाला असावा. अंधारलेल्या खोलीत ते पाहिले की ज्योत खरोखरच उजळल्यासारखी वाटते, आणि मागे दिवा तर लावला नाही ना, अशी शंका लोकांना येते.

मी ते पाहायला गेले तेव्हा मला वर्गात शिकलेले आठवत होते. त्या चित्रातली ज्योत कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ असूच शकत नाही. त्याहून पांढरे चित्रकाराजवळ काही नसते. म्हणजे ती उजेडासारखी वाटते ते बाकी सगळे बेताने खाली उतरवल्यामुळे. साडीचा सावलीतला भाग, भिंत, केस, अगदी चेहऱ्याचा उजळ भागसुद्धा ज्योतीपेक्षा एक पायरी खाली. बोटांतून आलेला लालसर उजेड आणि त्यालगतची थंड सावली एकमेकांना उठाव देतात. कडा पाहाव्या. काही धारदार आहेत, काही सावलीत विरघळल्या आहेत, आणि त्या विरघळल्या आहेत म्हणून हात गोल वाटतो. पुतळ्यासमोर बसून गिरवलेला छायाप्रकाश, बारीक केलेले डोळे, कागद मोकळा सोडण्याचा संयम असे वर्गातले सगळे धडे त्या एका कागदावर हजर आहेत. साठीच्या आसपासच्या माणसाने, चाळीस वर्षे दुसऱ्यांना शिकवत आलेल्या गोष्टी, स्वतःच्या मुलीला समोर उभे करून एकदा पुऱ्या करून दाखवल्या.

आज फोनवर बोट फिरवले की कुठल्याही फोटोचे जलरंगचित्र होते. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मला कुणी तरी विचारतेच, की मग आता हे सगळे शिकायचे कशाला. जुन्या पद्धतीचे फिल्टर फोटोतले बारकावे पुसतात, रंग एकमेकांत मिसळतात, वर कागदाचा पोत चढवतात. नवे प्रोग्रॅम लाखो चित्रांवरून शिकून त्यांच्यासारखे चित्र बनवतात, आणि ते फसवे चांगले असते. पण समोर बसलेल्या या माणसाची कुठली कड ठेवायची आणि कुठली सोडायची, हे त्याच्याकडे तासन् तास पाहून ठरवायचे असते, आणि ते पाहणे यंत्राकडून करून घेतले तर पाहणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातच मला वारंवार दिसली आहे. एखादा जुना सहकारी सोडून जातो तेव्हा त्याच्याकडून सगळे लिहून घेतात. पन्नास पानांचा दस्तऐवज तयार होतो. तीन महिन्यांनी मध्यरात्री काहीतरी बंद पडते आणि लक्षात येते, की नेमके तेच त्या पन्नास पानांत नाही. त्याने लपवलेले नसते. आपल्याला ते येते हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हते, इतके ते हातात मुरलेले होते. त्याच्या शेजारी बसून सहा महिने काम केलेला एक नवखा मुलगा असेल तर तो निस्तरतो. धुरंधरांसारख्यांनी आठवणी लिहिल्या म्हणून आपल्याला तो काळ कळतो. पण ब्रशमध्ये पाणी किती घ्यायचे हे शेजारी बसलेल्यालाच कळते.

हे आपल्या गावाने तर डोळ्यांनी पाहिले आहे. गंजिफा रंगवण्याची कला वाडीत जवळजवळ संपली होती. ती पुरती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंत तेवढे उरले होते. शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी त्यांच्याकडून ती शिकले, गावातल्या मुलांना शिकवली, आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसू लागले. सहलीला, पाहुण्यांबरोबर किंवा शाळेतून आपण सगळे तिथे गेलो आहोत आणि पत्त्यावर केसाएवढी रेघ ओढणारा हात थांबून पाहिला आहे. एक म्हातारा माणूस आणि एक शिकायला तयार असलेला माणूस वेळेवर एकत्र आले, म्हणून ती रेघ आजही ओढली जाते. थोडा उशीर झाला असता तर पत्ते काचेच्या कपाटात राहिले असते, पण ते करणारे कुणी राहिले नसते.

हळदणकर १९६८ साली, वयाच्या ८५व्या वर्षी वारले. तोवर त्यांच्या पद्धतीची चित्रे जुन्या काळातली समजली जाऊ लागली होती. आज मात्र महाराष्ट्रात व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिके भरतात तेव्हा बसायला जागा मिळत नाही. मंचावर एक माणूस स्तब्ध बसतो, दुसरा दीड-दोन तास रंगवतो आणि शेकडो मुले श्वास रोखून ब्रशकडे पाहतात. ती विद्या आज हातात असलेले हात आहेत. मधल्या पडत्या काळात काही जणांनी वर्ग बंद केले नाहीत, म्हणून ते आहेत.

शेवटी एक सूचना. या स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने शाळेला काहीतरी द्यायचे असे आपल्या बॅचमध्ये घाटत आहे. प्रोजेक्टर, संगणक, पाण्याचे कूलर अशी यादी आली आहे. ती आवश्यकच आहे आणि माझा वाटा मी देणार आहे. पण चित्रकलेच्या खोलीसाठीही काही बाजूला काढावे. पंधरावीस इझल, ताणायला पाट, दोन-तीन प्लास्टरचे पुतळे, आणि उत्तरेच्या भिंतीला एक मोठी खिडकी. याहून महत्त्वाचे म्हणजे सराव असलेल्या एखाद्या चित्रकाराला दर शनिवारी बोलावून, मुलांसमोर चेहरा रंगवून दाखवायला सांगावे आणि त्याचे मानधन आपण द्यावे. गावातल्या आजोबांना मॉडेल म्हणून बसवू. ते हौसेने येतील.

मुले कितीही असोत, सगळी चित्रकार होणार नाहीत, आणि व्हावीत असेही नाही. १९०३च्या आधी वाडीच्या शाळेतही एकच निघाला होता. त्याला ओळखायला हेडमास्तर नाडकर्णी मात्र वर्गात असावे लागले.